युनिव्हर्सल रिमोट वारंवार बिघडतो तेव्हा: इन्फ्रारेड कोडची नोंदवही कशी लावावी

इंदुरात राजेंद्र नगर, लोकमान्य नगर किंवा सुदामा नगर अशा वस्त्यांतील एखाद्या मराठी घराच्या बैठकीत टीव्ही, सेट टॉप बॉक्स, साउंडबार, एसी आणि रिमोटवर चालणारा पंखा मिळून टीपॉयवर चार-पाच रिमोट सहज पडलेले असतात. आजी-आजोबांची सोय व्हावी म्हणून घरातील कोणीतरी त्या सर्वांऐवजी एक लर्निंग रिमोट, म्हणजे दुसऱ्या रिमोटचे संकेत शिकून तेच पाठवणारा रिमोट, आणतो, एखाद्या रविवारी बसून त्याला सगळी बटणे शिकवतो, आणि पुढील काही आठवडे सर्व सुरळीत चालते. नंतर केबलवाला बॉक्स बदलून देतो, किंवा सेल बराच काळ काढून ठेवल्यामुळे स्वस्त रिमोटची स्मृती पुसली जाते, आणि काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. या वेळी मात्र तीच बटणे पूर्वीसारखी चालत नाहीत. ही तक्रार रिमोटच्या दोषापेक्षा नोंदीच्या अभावामुळे अधिक वेळा उद्भवते, असे माझे मत आहे, आणि पुढील विवेचन त्याच दिशेने केले आहे.

लक्षणे बहुधा ठरावीक असतात. एखादे बटण एकाआड एक दाबल्यावरच चालते. आवाज वाढवताना टीव्हीबरोबर दुसरेच एखादे उपकरण हलते. ‘सर्व बंद’ असे बटण तयार केले असेल, तर त्याने टीव्ही बंद होतो आणि आधीच बंद असलेला साउंडबार सुरू होतो. एसीला चोवीस अंश शिकवलेले असूनही तो कधी सोळा अंशांवर, कधी नुसत्या पंख्यावर जातो. इंटरनेटवरून उतरवलेला कोड अक्षरशः बरोबर टंकूनही उपकरण ढिम्म राहते. ही सर्व लक्षणे वेगवेगळी दिसली तरी त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट असते: कोणत्या बटणाने नेमके काय पाठवले जाते, हे कोठेच लिहून ठेवलेले नसते, किंवा लिहिलेले असले तरी अर्धवट असते.

प्रथम हे स्पष्ट करून घेतले पाहिजे की ‘कोड’ या एका नावाखाली तीन निराळ्या गोष्टी वावरतात. युनिव्हर्सल रिमोटच्या पुस्तिकेत छापलेला चार किंवा पाच अंकी क्रमांक ही पहिली. हा क्रमांक हवेतून कधीच जात नाही. रिमोटच्या चिपमध्ये भरून ठेवलेल्या अनेक संचांपैकी कोणता संच वापरायचा, एवढेच तो सांगतो, आणि म्हणूनच एका कंपनीच्या रिमोटचा क्रमांक दुसऱ्या कंपनीच्या रिमोटला सामान्यतः लागू पडत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे कच्चा संकेत, अर्थात इन्फ्रारेड एलईडी किती मायक्रोसेकंद पेटला आणि किती मायक्रोसेकंद विझला यांची लांबलचक यादी. तिसरी म्हणजे उलगडलेला संकेत, ज्यात प्रोटोकॉल (संकेत कसा रचायचा याची ठरलेली पद्धत), उपकरणाचा पत्ता आणि आज्ञा हे तीनच घटक उरतात. मैफलीचे ध्वनिमुद्रण आणि बंदिशीची स्वरलिपी यांत जो फरक असतो तोच या दोहोंत आहे. मुद्रणात श्रोत्यांचा खोकलाही येतो. लर्निंग रिमोट बहुधा मुद्रण करतो, आणि नोंदवहीत मात्र स्वरलिपी असावी लागते.

एकच बटण, चार नोंदी

भारतात मिळणाऱ्या उपकरणांत सर्वाधिक आढळणाऱ्या प्रोटोकॉलपैकी एक म्हणजे एनईसी. त्यात ३८ किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर (ठोका चालू असताना एलईडी ज्या वेगाने लुकलुकतो ती लहर) प्रथम ९ मिलिसेकंदांचा ठोका आणि ४.५ मिलिसेकंदांची विश्रांती येते, आणि त्यानंतर ३२ बिट, म्हणजे शून्य किंवा एक असे अंक, येतात. प्रत्येक बिटाची सुरुवात सुमारे ५६० मायक्रोसेकंदांच्या ठोक्याने होते. शून्य असेल तर तो बिट एकूण १.१२५ मिलिसेकंदांत संपतो आणि एक असेल तर २.२५ मिलिसेकंद घेतो. मूळ रचनेत आठ बिट पत्त्याचे, आठ त्याच पत्त्याच्या उलट रूपाचे (शून्याच्या जागी एक आणि एकाच्या जागी शून्य), आठ आज्ञेचे आणि आठ आज्ञेच्या उलट रूपाचे असतात. प्रत्येक गटात सर्वांत कमी किमतीचा बिट आधी जातो, आणि पुढच्या बहुतेक गोंधळाचे कारण हेच आहे.

एलजीच्या अनेक टीव्हींचे पॉवर बटण उदाहरणादाखल घेऊ. आर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाच्या जुन्या लायब्ररीने (तयार प्रोग्रॅमसंचाने) ते वाचले, तर पडद्यावर हेक्समध्ये, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांच्या अंकपद्धतीत, २०डीएफ१०ईएफ असे दिसते. त्याच लायब्ररीची नवी आवृत्ती पत्ता ०४, आज्ञा ०८ असे दाखवते. सार्वजनिक कोडसंग्रहात हेच बटण ‘एनईसी१, ४, -१, ८’ अशा ओळीत सापडते, जेथे उणे एक याचा अर्थ पत्त्याचा दुसरा भाग पहिल्याचे उलट रूप आहे इतकाच. कच्चा संकेत हेक्समध्ये लिहिण्याच्या प्रोंटो पद्धतीत ते ०००० ००६डी ००२२ ०००२ असे सुरू होऊन बरेच लांब जाते. त्यातील ००६डी हा शब्द वाहक लहर सुमारे ३८ किलोहर्ट्झ असल्याचे आणि ००२२ हा शब्द एकदाच पाठवायच्या ठोका-विश्रांतीच्या ३४ जोड्या असल्याचे सांगतो. या चारही नोंदी बरोबर आहेत आणि चारही एकाच बटणाच्या आहेत, परंतु हे न ओळखता कोणी त्या चार वेगळ्या बटणांच्या मानून साठवल्या, तर वहीत चौपट ओळी आणि शून्य अर्थ अशी अवस्था होते.

जुन्या लायब्ररीचे २० आणि नव्या लायब्ररीचे ०४ यांचा मेळ असा आहे. जुनी लायब्ररी बिट ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने डावीकडून मांडते. त्यामुळे ००१० ०००० असे दिसते आणि ते हेक्समध्ये २० होते. प्रत्यक्षात पहिला आलेला बिट सर्वांत कमी किमतीचा असल्याने ती ओळ उलटी वाचावी लागते, म्हणजे ०००० ०१००, अर्थात ०४. त्याच रीतीने १० चे ०८ होते. इंटरनेटवरील कोड अक्षरशः बरोबर टंकूनही चालत नाही, याचे मी पाहिलेले सर्वांत नेहमीचे कारण हेच आहे: जुन्या पद्धतीचा आकडा नव्या पद्धतीच्या रकान्यात भरलेला असतो.

एनईसीच्या नोंदीत चूक पकडण्याची एक आयती सोय आहे. पत्ता आणि त्याचे उलट रूप यांची बेरीज हेक्समध्ये एफएफ आली पाहिजे, आणि आज्ञेचीही तशीच. २० आणि डीएफ मिळून एफएफ होते, १० आणि ईएफ मिळूनही होते. वहीत उतरवताना एखादे अक्षर चुकले असेल तर ही बेरीज लगेच सांगते. विस्तारित एनईसीत पत्ता सोळा बिटांचा असल्यामुळे पहिली बेरीज जुळत नाही, परंतु आज्ञेची जुळते. सॅमसंगची बहुतेक बटणे एनईसीसारखी दिसली तरी त्यांत सुरुवातीचा ठोका ९ ऐवजी ४.५ मिलिसेकंदांचा असतो आणि पत्ता उलटा न करता जसाच्या तसा दोनदा पाठवला जातो. त्यामुळे सॅमसंगचा कोड एनईसी म्हणून नोंदवला की तो पुन्हा पाठवताना टीव्ही दाद देत नाही.

वहीचे रकाने

माझ्या मते प्रत्येक बटणासाठी सहा रकाने पुरेसे आहेत: उपकरण, कार्य, प्रोटोकॉल, पत्ता, आज्ञा आणि वाहक वारंवारता. सातव्या रकान्यात मूळ वाचन जसे आले तसे ठेवावे, कारण उलगडताना काही चूक झाली असल्यास तेथूनच ती दुरुस्त करता येते. एक नमुना ओळ अशी होईल: ‘बैठक टीव्ही (मॉडेल क्रमांक), पॉवर अदलाबदल, एनईसी, ०४, ०८, ३८, मूळ २०डीएफ१०ईएफ’.

उपकरणाचे नाव लिहिताना नुसते ‘टीव्ही’ लिहू नये. खोली आणि मॉडेल क्रमांक दोन्ही लिहावेत, कारण दोन वर्षांनी वरच्या मजल्यावरचा टीव्ही खाली येतो आणि मग कोणता टीव्ही कोणता यावरून वाद होतो. कार्याचे नाव मात्र बटणावर छापलेल्या शब्दावरून न घेता ते बटण काय करते त्यावरून घ्यावे. एका रिमोटवर ‘सोर्स’, दुसऱ्यावर ‘इनपुट’, तिसऱ्यावर नुसता बाण काढलेला असतो. वहीत तिन्हींचे नाव ‘इनपुट बदल’ असेच हवे. अशी पंचवीस-तीस कार्यनामे आरंभीच ठरवून पहिल्या पानावर लिहून ठेवली, की पुढे एकाच कार्याला तीन नावे पडत नाहीत आणि नवीन उपकरण आले तरी जुन्या यादीतून निवडणे एवढेच काम उरते.

आकडे हेक्समध्ये की दशमानात, हे प्रत्येक पानाच्या माथ्यावर लिहिणे अगत्याचे आहे. फिलिप्सच्या आरसी-५ प्रोटोकॉलमध्ये आवाज वाढवण्याची आज्ञा दशमानात १६ आहे आणि हेक्समध्ये १०. वहीत नुसते ‘१०’ लिहिलेले असेल तर ते कोणत्या पद्धतीचे, हे सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाही आठवत नाही.

पॉवरच्या बाबतीत अधिक काटेकोर राहावे लागते. रिमोटवरील लाल बटण बहुतेक वेळा अदलाबदल करणारे असते, म्हणजे उपकरण बंद असेल तर सुरू आणि सुरू असेल तर बंद करणारे. ‘सर्व बंद’ बटणाची तक्रार येथूनच निघते. अनेक टीव्ही मात्र फक्त सुरू आणि फक्त बंद अशा स्वतंत्र आज्ञाही ओळखतात, ज्या मूळ रिमोटवर कधीच दिलेल्या नसतात. एलजीच्या अनेक मॉडेलांत त्या हेक्समध्ये सी४ आणि सी५ आहेत, सॅमसंगच्या अनेक मॉडेलांत ९९ आणि ९८, तर सोनीच्या टीव्हींत दशमानात ४६ आणि ४७. त्यांना वहीत ‘पॉवर सुरू’, ‘पॉवर बंद’ आणि ‘पॉवर अदलाबदल’ अशी तीन वेगळी नावे द्यावीत, आणि ‘सर्व बंद’ या साखळीत फक्त ‘पॉवर बंद’ वापरावे. ज्या उपकरणाला अशी स्वतंत्र आज्ञा मिळत नाही, ते उपकरण साखळीबाहेर ठेवलेलेच बरे. अर्धवट चालणारी साखळी घरातील ज्येष्ठांना अधिक त्रासदायक होते.

वाचन घेताना

संकेत वाचण्यासाठी आर्डुइनो बोर्ड आणि तीन पायांचा रिसीव्हर एवढे साहित्य पुरते. महाराणी रोडवरील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ‘टीएसओपी १७३८’ मागितला की दुकानदाराला पुढे काही समजावून सांगावे लागत नाही. मात्र हा रिसीव्हर ५ व्होल्टसाठी आहे. ३.३ व्होल्टवर चालणारा नोडएमसीयू हा बोर्ड वापरायचा असेल तर २.५ ते ५.५ व्होल्टवर चालणारा टीएसओपी ३८२३८ घ्यावा, अन्यथा वाचने मधूनच तुटक येतात आणि दोष रिमोटवर ढकलला जातो.

वाचन घेताना खिडकीतून थेट ऊन रिसीव्हरवर पडू देऊ नये आणि इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबलाइटपासून दूर बसावे, कारण दोन्हींमुळे संकेतात कचरा मिसळतो. मूळ रिमोटमध्ये नवे सेल घालून, हातभर अंतरावरून, बटण किंचित दाबून लगेच सोडावे आणि प्रत्येक बटण निदान तीनदा वाचावे. तिन्ही वाचने जुळली तरच ओळ वहीत उतरवावी. एनईसीत बटण दाबून धरले तर पूर्ण संकेत एकदाच जातो आणि त्यानंतर सुमारे ११० मिलिसेकंदांच्या अंतराने फक्त एक छोटा पुनरावृत्ती संकेत येत राहतो. जुनी लायब्ररी तो सलग आठ वेळा एफ असा दाखवते. कित्येक वह्यांत आवाजाच्या बटणापुढे हाच आठ एफचा कोड लिहिलेला आढळतो. तो कोणत्याही बटणाचा कोड नसून ‘मागचेच चालू आहे’ एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि तो एकटा पाठवला तर काहीच घडत नाही.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. असा रिसीव्हर वाहक लहर गाळून टाकतो आणि फक्त ठोके व विश्रांती पुढे देतो, त्यामुळे मूळ वारंवारता वाचनात दिसत नाही. ती प्रोटोकॉलवरून ठरवून सहाव्या रकान्यात भरावी लागते: एनईसी आणि सॅमसंग ३८, आरसी-५ व आरसी-६ यांना ३६, सोनी ४० किलोहर्ट्झ. हा रकाना रिकामा ठेवून सर्व काही ३८ वर पाठवले तर जवळून चालते, पण सोफ्यावरून चालत नाही. ‘टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन दाबावे लागते’ या तक्रारीत सेल बदलण्याआधी हा रकाना पाहावा. बँग अँड ओलुफसेनची काही उपकरणे तर ४५५ किलोहर्ट्झवर चालतात; ती या रिसीव्हरला दिसणारच नाहीत, पण अशी उपकरणे आपल्या वस्तीत विरळाच.

लक्षणांवरून कारणाकडे

एकाआड एक चालणारे बटण बहुधा आरसी-५ किंवा आरसी-६ चे असते. आरसी-५ च्या चौदा बिटांत दोन सुरुवातीचे, एक बदलता, पाच पत्त्याचे आणि सहा आज्ञेचे असतात. बदलता बिट प्रत्येक नव्या दाबण्याला उलटतो, म्हणजे बटण धरून ठेवले आहे की सोडून पुन्हा दाबले आहे हे उपकरणाला कळते. लर्निंग रिमोटने संकेताचे नुसते मुद्रण केले असेल तर हा बिट गोठतो, आणि अकरा क्रमांकाचे चॅनल लावताना दुसरा एक हा पहिल्याचाच भाग समजला जाऊन एक क्रमांकाचे चॅनल लागते. उपाय म्हणजे अशा बटणांचे मुद्रण न वापरता पत्ता आणि आज्ञा देऊन संकेत नव्याने तयार करणे. ज्या लर्निंग रिमोटला ते जमत नाही, त्यात शिकवण्याऐवजी पुस्तिकेतील तयार क्रमांक वापरावा, कारण तयार संचात बदलता बिट योग्य रीतीने हाताळलेला असतो.

सोनीचे उपकरण अजिबात दाद देत नसेल तर दोन गोष्टी तपासाव्यात. सोनीचा संकेत १२, १५ किंवा २० बिटांचा असतो, आणि बिटांची संख्या वहीत नसेल तर बरोबर आज्ञाही वाया जाते. शिवाय मूळ रिमोट एका दाबण्याला तोच संकेत ४५ मिलिसेकंदांच्या अंतराने किमान तीनदा पाठवतो. एकदाच पाठवलेला संकेत टीव्ही बहुधा दुर्लक्षित करतो.

दोन उपकरणे एकदम हलत असतील तर वहीतील पत्त्याचा रकाना वरून खाली वाचावा. स्वस्त उपकरणांत पत्ता ०० वारंवार आढळतो. दिवाळीत लावलेल्या रंगीत एलईडी पट्टीचा चव्वेचाळीस बटणांचा रिमोट आणि छोट्या एमपी३ ॲम्प्लिफायरचा एकवीस बटणांचा रिमोट या दोहोंचा पत्ता बहुधा ०० असतो, त्यामुळे एकाचा आवाज वाढवताना दुसऱ्याचा रंग बदलणे यात आश्चर्य नाही. असे पत्ते उपकरणात बदलता येत नाहीत. एकाचा रिसीव्हर काळ्या चिकटपट्टीने अर्धवट झाकणे किंवा त्याचे तोंड भिंतीकडे करणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. एकाच खोलीत एकाच मॉडेलचे दोन पंखे असतील तर तीच अडचण येते, आणि तेथे वही कितीही नीट असली तरी उपयोग नाही.

टीव्हीला मागून लावलेल्या स्ट्रीमिंग स्टिकच्या बाबतीत मुळात इन्फ्रारेडचा शोध घेऊ नये. तिचा रिमोट बहुधा ब्लूटूथवर चालतो आणि त्यावरील फक्त टीव्हीचा आवाज व पॉवर ही बटणे इन्फ्रारेडची असू शकतात. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबावे. जांभळट चमक दिसली तर इन्फ्रारेड, अन्यथा नाही.

एसीचे पान वेगळे

एसीला वरील सहा रकाने लागू पडत नाहीत. टीव्हीचा रिमोट ‘आवाज एकाने वाढव’ असे सांगतो. एसीचा रिमोट प्रत्येक वेळी मोड, तापमान, पंख्याचा वेग, झडपांची हालचाल आणि घड्याळ अशी संपूर्ण स्थिती पाठवतो. तापमान वाढवण्याचे बटण शिकवले, तर प्रत्यक्षात त्या क्षणी रिमोटच्या पडद्यावर जे काही होते ते सगळे शिकवले जाते. त्यामुळे ‘तापमान वाढ’ अशी नोंद निरर्थक ठरते. वहीत ‘थंड, २४, पंखा मध्यम, झडप स्थिर’ अशी पूर्ण स्थिती हेच नाव असावे आणि शिकवण्यापूर्वी मूळ रिमोटचा पडदा त्या नावाशी ताडून पाहावा. इंदुरात मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीपार जातो आणि मालव्यातील रात्र त्या मानाने निवते, म्हणून दुपारची एक, रात्री २७ अंशांची एक आणि ‘बंद’ अशा तीन स्थिती बहुतेक घरांना पुरतात.

हे संकेत लांब असतात. डायकिनच्या एका प्रचलित प्रकारात एका दाबण्याला ३५ बाइट (आठ बिटांचा एक बाइट) जातात, आणि साध्या लर्निंग रिमोटच्या एका बटणाच्या जागेत ते मावत नाहीत. मग संकेत मध्येच तुटतो आणि एसी नुसता गप्प राहतो. शेवटी पडताळ्याचा बाइट असल्याने तापमानाचा आकडा हाताने बदलून नवी स्थिती बनवण्याचा खटाटोपही फळत नाही. तो बाइट नव्याने काढावा लागतो. काही एसींत झडप किंवा पडद्याचा दिवा अदलाबदलीने चालतो, तेवढी बटणे टीव्हीच्या पद्धतीने नोंदवावीत.

वही सांभाळताना

रिमोटची स्मृती ही मूळ प्रत मानू नये. मूळ प्रत कागदावर आणि तिची एक नक्कल संगणकातील साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असावी. एका ओळीत एक बटण, स्वल्पविरामाने वेगळे केलेले रकाने, आणि प्रत्येक उपकरणाच्या पानावर शेवटच्या बदलाची तारीख. उपकरण बदलले की जुने पान फाडू नये, त्यावर आडवी रेघ मारून नवे पान जोडावे, कारण केबलवाला कधीकधी दुरुस्त केलेला जुनाच बॉक्स परत आणतो. मूळ रिमोट टाकून देऊ नयेत. सेल काढून, उपकरणाचे नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवावेत. सेल आत राहिले तर ते पाझरून स्प्रिंगा गंजतात.

बाजारातून बदली रिमोट आणताना बाह्य रूपावर विसंबू नये. हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोन रिमोटांचे पत्ते वेगळे असू शकतात, म्हणून घरी येताच चार-पाच बटणे वाचून वहीशी ताडावीत आणि पत्ता न जुळल्यास तो परत करावा.

शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. लर्निंग रिमोट भरून झाल्यावर तो उपकरणावर चालवून पाहण्याआधी आर्डुइनोच्या रिसीव्हरसमोर धरावा, वहीतील क्रमाने एकेक बटण दाबावे आणि आलेला पत्ता व आज्ञा ओळीशी जुळते का ते पाहून त्या ओळीपुढे खूण करावी. जे बटण जुळत नाही किंवा ज्याचे वाचन ‘अनोळखी’ असे येते, तेवढेच पुन्हा शिकवावे. इतरांना हात लावू नये.